स्कॉटलंडमधले टायगर मॉथ: कोणता, कधी आणि कुठे शोधायचा

मार्चचा दुसरा आठवडा. डोंगरावर चढणारी वाट, ओढ्याच्या काठाला अजून मळकट बर्फ चिकटलेला. अशा वेळी वाटेच्या मधोमध दीड-दोन पेरांएवढा तपकिरी, केसाळ सुरवंट ऊन खात पसरलेला दिसला, तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नका. खाली बसा आणि नीट बघा. तो बहुधा रूबी टायगर असतो. अख्खा हिवाळा त्याने सुरवंटाच्याच रूपात काढलेला असतो. आता तो काही खाणार नाही, उन्हात अंग शेकून घेईल, कोष विणेल आणि एप्रिल-मेमध्ये पतंग होऊन उडेल. स्कॉटलंडमधला टायगर मॉथचा हंगाम या सुरवंटापासून सुरू होतो.

मी इकडे राहायला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला एकही टायगर मॉथ धड दिसला नाही. पुस्तकातल्या तारखा मी पाठ केल्या होत्या, पण त्यातल्या बऱ्याचशा दक्षिण इंग्लंडला धरून असतात. उत्तरेत वसंत उशिरा येतो, उंचीवर त्याहून उशिरा, आणि तारखेच्या भरवशावर निघालं की हात हलवत परत यावं लागतं. पुढे एक गोष्ट लक्षात आली आणि सगळं सोपं झालं. कुठला पतंग कधी उडेल, हे तो थंडी कोणत्या रूपात काढतो यावर ठरतं. एवढं पक्कं केलं की निम्मं वेळापत्रक आपोआप डोक्यात बसतं. हा लेख त्याच धाग्याने लिहिला आहे.

आधी ओळख

टायगर मॉथ म्हणजे आर्क्टिइनी या उपकुळातले पतंग. पूर्वी त्यांचं स्वतंत्र कुळ मानत, आता ते इरेबिडी या मोठ्या कुळात धरतात. आर्क्टिआ हे नाव ग्रीक भाषेतल्या अस्वलाच्या शब्दावरून आलं, कारण यांच्या अळ्या अस्वलासारख्या केसाळ. इंग्रजीतही त्या अळीला 'वूली बेअर' म्हणतात. थोडक्यात, लहानपणी अस्वल आणि मोठेपणी वाघ.

ही मंडळी आपल्याला परकी नाहीत. सोयाबीन आणि सूर्यफुलाची पानं फस्त करणारी बिहार केसाळ अळी याच उपकुळातली. खुळखुळ्याच्या झाडाभोवती फडफडणारा, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला नाजूक पतंगही यांच्यातलाच. विमानांच्या नावातही हे पतंग आहेत. ज्यॉफ्री डी हॅविलंड यांना पतंगांचा मनापासून नाद होता, म्हणून त्यांच्या कंपनीच्या विमानांना पतंगांची नावं मिळाली. टायगर मॉथ हे विमान 1931 मध्ये उडालं. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते याच कंपनीच्या पस मॉथ विमानातून.

थंडी कोण कशी काढतं

रूबी टायगर पूर्ण वाढलेल्या सुरवंटाच्या रूपात थंडी काढतो. वसंतात त्याला फक्त कोष करायचा असतो, म्हणून तो सगळ्यांच्या आधी, एप्रिलपासून जूनपर्यंत उडतो.

व्हाइट अर्मिन, बफ अर्मिन आणि सिनाबार कोषात थंडी काढतात. जमीन तापली की ते बाहेर येतात. यांचा हंगाम मे ते जुलै. सिनाबार ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो.

वुड टायगर आणि क्लाउडेड बफ अर्धवट वाढलेल्या अळीच्या रूपात हिवाळा काढतात. वसंतात त्यांना आधी पोटभर खावं लागतं. वुड टायगर मेअखेरीपासून जुलैपर्यंत आणि क्लाउडेड बफ जून-जुलैत भेटतो.

गार्डन टायगरची अळी थंडीला सामोरी जाते ती अगदी चिमुकली असताना. तिची सगळी वाढ पुढच्या वसंतात व्हायची असते, म्हणून हा सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा पतंग सगळ्यात उशिरा येतो, जुलै-ऑगस्टमध्ये. लायकेनवर (दगडांवर, झाडांवर वाढणारं दगडफूल) जगणारे फुटमन पतंगही अळीच्याच रूपात हिवाळा काढतात आणि बहुतेक याच सुमारास उडतात.

या महिन्यांत एक दुरुस्ती मनात कायम ठेवा. समुद्रकाठ लवकर, डोंगर उशिरा. किनाऱ्यावर सिनाबार उडू लागला म्हणून त्याच दिवशी सातशे मीटरवर वुड टायगर शोधायला जाऊ नका. आणि रूबी टायगरच्या दक्षिणेत वर्षाला दोन पिढ्या होतात, इथे एकच. इथल्या रूबी टायगरचे मागचे पंखही जास्त काळपट असतात. पुस्तकातल्या लालभडक चित्राशी जुळत नाही म्हणून गोंधळू नका.

निघण्यापूर्वी

साधनं फार लागत नाहीत. झाकणाच्या काही पारदर्शक डब्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही-पेन्सिल आणि फोनचा कॅमेरा. जाळी असली तर बरी, पण मी ती अलीकडे फारशी वापरत नाही. हीदर या माळावरच्या बुटक्या झुडपाच्या काटक्यांत ती अडकते आणि पतंगाचे पंख फाटतात.

अंगाची काळजी मात्र मनावर घ्या. हीदर आणि ब्रॅकन नावाच्या नेच्यामध्ये गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम आजार होऊ शकतो. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला नीट तपासा. गोचीड सापडली तर ती काढायच्या खास चिमट्याने सरळ ओढून काढा, तिच्यावर तेल-बिल ओतत बसू नका. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मिज नावाच्या बारीक माश्यांचे थवे असतात. डोक्यावरची जाळी पाच मिनिटांत किती मोलाची वाटू लागते ते पहिल्या संध्याकाळीच कळेल. थोडा वारा असला की मिज उडत नाहीत, म्हणून दिवसाचा शोध वाऱ्याच्या, उघड्या उतारावर ठेवा.

2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये माळरानांवर आणि डोंगरांवर जबाबदारीने फिरायची मुभा आहे. तरी प्रकाशसापळा (रात्री पतंगांना ओढून घेणारी दिव्याची पेटी) लावायचा असेल तर जमीनमालकाला विचारा. नीट सांगितलं की माणसं बहुधा हो म्हणतात, आणि सकाळी सापळा बघायलाही येतात.

मार्च ते मे: सुरवंट आणि पहिले पतंग

ऊन पडलेल्या दिवशी, अकरा ते तीनच्या दरम्यान, हीदरमधून जाणाऱ्या वाटा चाला. रूबी टायगरचे सुरवंट मोकळ्या मातीवर, दगडावर, कुंपणाच्या खांबावर शेकत बसतात. याच वेळी फॉक्स मॉथचा सुरवंटही उन्हाला येतो आणि नवखे हमखास फसतात. फॉक्स मॉथचा सुरवंट बोटाएवढा लांब असतो. वरून गर्द तपकिरी मखमल, बाजूंना लांब विरळ केस. रूबी टायगर त्याहून बराच लहान, आणि त्याचे केस दाट झुपक्यांत, ब्रशसारखे उभे.

केसाळ सुरवंटाला उघड्या हाताने धरू नका. केस कातडीत शिरले की खाज सुटते, आणि तोच हात डोळ्याला लागला तर त्रास जास्त. बघायचंच असेल तर पान किंवा कागद पुढे धरा, तो आपणहून चढतो.

मेच्या मध्यापासून अर्मिन येतात. व्हाइट अर्मिन म्हणजे पांढऱ्या लोकरीचा कोट घातलेला पतंग, पंखांवर काळे ठिपके, पोट पिवळं आणि त्यावर काळ्या टिकल्या. स्कॉटलंडमध्ये तो पुष्कळदा पांढरा नसून सायीच्या रंगाचा, क्वचित चक्क फिकट तपकिरी असतो. मस्लिन मॉथची मादीही पांढरी आणि ठिपकेदार असते, पण तिचं पोट पिवळं नसतं. शंका आली की पोट बघा, वाद मिटतो.

जून: माळावरचा वुड टायगर

माझा सगळ्यात आवडता हाच, म्हणून याच्यापाशी जरा थांबते.

वुड टायगर नावाला रानातला, पण स्कॉटलंडमध्ये तो माळाचा. हीदर, गवत आणि ओलसर मोकळी जागा यांची सरमिसळ असलेला उतार निवडा. नर दिवसा, उन्हात उडतात, आणि तेही वेड्यासारखे. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, सरळ रेषा म्हणून नाही. मादी गवतात बसून गंध सोडते आणि नर तो वास पकडत वाऱ्याच्या उलट दिशेने येतात. म्हणून वारा तुमच्या पाठीवर येईल असे उभे राहा. म्हणजे वाऱ्याविरुद्ध उडणारे नर समोरून तुमच्याकडे येतील. उडत्या पतंगामागे धावू नका. ढग येऊन ऊन गेलं की नर झपकन खाली बसतो. जागा डोळ्यांनी धरून ठेवा आणि सावकाश जवळ जा.

केर्नगॉर्म डोंगररांगेतल्या एका उतारावर जूनच्या दुपारी असाच एक नर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. पुढचे पंख काळे, त्यांवर सायीच्या रंगाचे पट्टे, रांगोळीत बोटाने ओढल्यासारखे. मी डबी पुढे केली तेव्हा त्याने पंख उघडले. मागचे पंख हळदीसारखे पिवळे होते, आणि मानेपाशी दोन स्वच्छ थेंब उभे राहिले. पावसाचं पाणी असावं तसे. जवळून वास घेतला तर ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवट दर्प. त्या थेंबात मिथॉक्सिपायराझिन नावाची द्रव्यं असतात, ढोबळी मिरचीच्या वासामागेही तीच आहेत. पक्ष्याला हा वास-चव नकोशी होते. पोटाकडून सोडलेला द्रव वेगळा असतो, तो मुंग्यांना पळवतो. शत्रू दोन, म्हणून शस्त्रंही दोन. एवढ्याशा जिवाची ही तयारी पाहून मी त्या दिवशी डबी न लावता परत आले.

नराच्या रंगाकडे लक्ष ठेवा. स्कॉटलंडमध्ये मागचे पंख बहुतेक पिवळे, एस्टोनियात बहुतेक पांढरे, आणि फिनलंडमध्ये दोन्ही रंग शेजारी-शेजारी नांदतात. तिथल्या युवास्कुला विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. पिवळ्याला पक्षी जास्त टाळतात, तर पांढऱ्याचं जोडीदाराच्या बाबतीत जास्त जमतं, असं त्यातून दिसलं. इकडे पांढरा नर दिसला तर फोटो घेतल्याशिवाय त्याला सोडू नका.

त्याच माळावर क्लाउडेड बफ भेटतो. ओलसर हीदरमधून चालताना पायाजवळून पिवळसर काहीतरी उठतं आणि दहा-बारा पावलांवर बसतं, तो नर. मादी लहान, नारिंगी आणि सहसा नजरेला पडत नाही.

सिनाबारसाठी मात्र किनारा गाठा. पूर्वेकडच्या सेंट सायरसच्या वाळूच्या टेकड्या किंवा नैर्ऋत्येकडचा सॉल्वेचा किनारा चांगला. राखाडी-काळा पंख, कडेने लाल रेघ, टोकाला दोन लाल ठिपके. सिक्स-स्पॉट बर्नेटशी याची गल्लत होते. बर्नेटला सहा लाल ठिपके, निळसर-हिरवी चकाकी आणि टोकाला जाड झालेल्या मिशा असतात. सिनाबारच्या मिशा बारीक. जुलैत रॅगवर्ट या रानरोपाच्या पिवळ्या फुलांवर त्याच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या घोळक्याने दिसतात. रॅगवर्ट घोड्यांना आणि गुरांना विषारी. ते विष या अळ्या अंगात साठवतात आणि पतंग झाल्यावरही जपून ठेवतात. पश्चिम किनाऱ्यावर असाल तर लायकेनने भरलेल्या खडकांपाशी जून-जुलैत ड्यू मॉथ शोधा. फिकट पिवळा, बारीक काळ्या ठिपक्यांचा.

प्रकाशसापळा कसा लावायचा

रात्रीच्या जातींसाठी सापळा हवा. सुरुवातीला बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान ॲक्टिनिक (निळसर-अतिनील उजेडाची नळी) किंवा एलईडी दिव्याचा सापळा पुरे. जुन्या मर्क्युरी व्हेपर दिव्याने पतंग जास्त येतात, पण तो डोळ्यांना घातक, पावसाचा थेंब पडला तर फुटतो, आणि शेजाऱ्यांची झोप उडवतो.

सापळ्याच्या पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे-आडवे भरा, पतंग त्यांच्या खाचांत शिरून शांत बसतात. पेटीखाली पांढरी चादर अंथरा, कारण बरेच पतंग आत न जाता बाहेरच बसतात. वर पावसासाठी झाकण. ढगाळ, उबदार, वारा नसलेली रात्र निवडा. पारा दहा अंशांच्या खाली जाणार असेल तर झोपलेलं बरं. पौर्णिमेच्या निरभ्र रात्री फार आशा ठेवू नका.

उत्तरेतली मोठी अडचण म्हणजे रात्रच नसते. 21 जूनच्या आसपास इन्व्हर्नेसला सूर्य सव्वादहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे सव्वाचारला उगवतो, मधल्या वेळातही आकाश पुरतं काळं होत नाही. दिवा फिका पडतो. म्हणून जूनमध्ये सापळ्यापेक्षा दिवसाच्या माळाला वेळ द्या, आणि सापळ्याची खरी कमाई जुलैच्या उत्तरार्धापासून करा.

पहाटे उजाडण्याआधी सापळ्यापाशी पोचा. हे मी कळकळीने सांगते आहे. एका जुलैमध्ये मी साडेसातला उठले, तोवर रॉबिन पक्ष्याने चादरीवरचं सगळं वेचून नेलं होतं. उरले होते दोन पुढचे पंख, तपकिरी-सायीच्या नक्षीचे. त्या वर्षी आलेला तो एकमेव गार्डन टायगर होता. तेव्हापासून सापळा लावला की गजर साडेतीनचा.

मोजून, फोटो काढून झालं की पतंगांना सापळ्यापासून लांब, दाट झाडोऱ्याच्या सावलीत सोडा. एकाच जागी रोज रात्री सापळा लावू नका. तेच पतंग पुन्हा पुन्हा अडकले तर त्यांची खाण्याची, जोडीदार शोधण्याची रात्र वाया जाते.

जुलै-ऑगस्ट: गार्डन टायगर

हा बहुधा मध्यरात्रीनंतर येतो. बारा वाजता दिवा बंद करून आत गेलात तर हुकलाच. वाळूच्या टेकड्या, ओल्या कुरणांच्या कडा, हेब्रिडीज बेटांचा मोकळा किनारा ही त्याची चांगली ठिकाणं. पुढच्या पंखांवर कॉफीत दूध सांडावं तशी नक्षी, आणि दोन पतंगांची ती कधीच एकसारखी नसते. त्याला हळूच डिवचलं की पुढचे पंख पुढे सरकतात, मागचे नारिंगी-लाल पंख आणि त्यांवरचे निळे-काळे गोल एकदम समोर येतात, मानेमागे लाल केसांची झालर दिसते. वटवाघळांसाठी त्याचं वेगळं शस्त्र आहे. छातीच्या बाजूंच्या पातळ पडद्यांनी तो आपल्याला ऐकू न येणारे टिकटिक आवाज काढतो. 'मी बेचव आहे' असा तो इशारा. रूबी टायगरही तेच करतो.

हा पतंग ब्रिटनमध्ये झपाट्याने कमी झाला. रोथॅमस्टेड या इंग्लंडमधल्या शेतीसंशोधन संस्थेच्या प्रकाशसापळ्यांच्या जाळ्यातल्या नोंदींनुसार 1968 ते 2007 या काळात त्याची संख्या 92 टक्क्यांनी घटली. उबदार, ओले हिवाळे आणि वसंत याच्या मुळाशी आहेत असं अभ्यासातून पुढे आलं. आता सुरुवातीचा धागा आठवा. हिवाळ्यात याची अळी सगळ्यांत चिमुकली असते. कडक, कोरडी थंडी तिला सोसते, पण ओल सोसत नाही. म्हणून तो आज उत्तरेत आणि पश्चिमेत त्यातल्या त्यात टिकून आहे, आणि म्हणूनच इथल्या प्रत्येक नोंदीला किंमत आहे.

तो बघायचा दुसरा रस्ता अळीचा. मे-जूनमध्ये लांब काळ्या-तांबूस केसांचा मोठा सुरवंट रस्ता ओलांडताना दिसतो आणि कमालीच्या वेगात धावतो. असा एखादा घरी वाढवायचा असेल तर हवेशीर डबा घ्या. नेटल (आपल्याकडच्या आग्यासारखं अंगाची आग करणारं रोप), डॉक (चुक्याचा भाऊबंद) किंवा डँडेलियनची ताजी, कोरडी पानं रोज द्या. विष्ठा रोज काढा, ओल राहिली की बुरशीने अळी मरते. कोषातून साधारण महिनाभराने पतंग निघतो. कधी कधी पतंगाऐवजी परजीवी माश्या निघतात, तीही नोंद करून ठेवा. पतंग मात्र अळी जिथे सापडली तिथेच नेऊन सोडायचा.

फुटमन पतंगांसाठी जुनी दगडी कुंपणं आणि लायकेनने मढलेली झाडं असलेली जागा सापळ्याला निवडा. पंख अंगाला गुंडाळून बसणारे हे सडपातळ पतंग टायगर मॉथच्या गोतावळ्यातले आहेत हे पटायला वेळ लागतो. कॉमन फुटमन दक्षिण स्कॉटलंडमध्ये, मस्लिन फुटमन दगडी कुंपणांपाशी.

नोंद कशी करायची

नोंदीला चार गोष्टी लागतात: कोणता पतंग, कुठे, कधी, कोणी पाहिला. जागेसाठी सहा अंकी ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटीचा क्रमांक) द्या, तो शंभर मीटरपर्यंत नेमका असतो. संख्या लिहा, नर-मादी ओळखता आले तर तेही, आणि दिव्यावर आला की दिवसा दिसला तेही. फोटो वरून एक, बाजूने एक. मागचे पंख दिसणारा तिसरा मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी पतंगाला पिळवटू नका.

ही नोंद आयरेकॉर्ड या संकेतस्थळावर भरता येते. निसर्गनोंदींसाठी स्कॉटलंडचे 41 व्हाइस-काउंटी विभाग आहेत, 1852 पासून चालत आलेले. बहुतेक विभागांत पतंगांच्या नोंदी तपासणारे स्वयंसेवक असतात. ते प्रश्न विचारतात, फोटो मागतात, कधी नोंद नाकारतात. वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पहिल्या 'वुड टायगर'ला असंच नाकारलं गेलं होतं. तो क्लाउडेड बफचा नर होता, आणि नंतर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा पुढच्या पंखाची गुलाबी कड स्पष्ट दिसली.

सापळा रिकामा गेला तर तारीख, तापमान आणि वारा लिहून 'काही नाही' असंही वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात सापळा लावायचा की नाही, हे त्या ओळीवरून ठरतं.